अळंबी उलटून पाहणारा माणूस

पावसाळ्यात जंगलवाटेवर पडलेल्या एखाद्या कुजक्या ओंडक्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गेलेच, तर त्यावर एकावर एक रचलेल्या पातळ, चिवट पंख्यांसारख्या अळंब्या दिसतात. तपकिरी, करड्या, निळसर, काळपट अशा रंगांचे पट्टे आणि कडेला पांढरट किनार. युरोप, अमेरिका व आशियाच्या समशीतोष्ण भागात अशी एक जात इतकी सर्रास आढळते की, टर्की पक्ष्याच्या पसरलेल्या शेपटीवरून इंग्रजीत तिला टर्की टेल असे नावच पडले आहे. शास्त्रीय नाव ट्रॅमिटीज व्हर्सिकलर. रंगांनी मोहून जाऊन पाहणारा तिची पाठ न्याहाळतो आणि हमखास फसतो, कारण तशाच रंगाच्या, तशाच आकाराच्या आणखी कितीतरी अळंब्या मेलेल्या लाकडावर उगवतात. जाणकार मात्र रंगाकडे फारसे न पाहता तुकडा मोडून घेतो आणि प्रथम उलटा करतो. ही साधी सवय कवकशास्त्राच्या अंगवळणी पाडण्याचे श्रेय ज्या माणसाकडे जाते, तो स्वीडनमधील एका खेडेगावच्या धर्मोपदेशकाचा मुलगा होता. एलियास माग्नुस फ्रीस हे त्याचे नाव.

फ्रीस यांचा जन्म १५ ऑगस्ट १७९४ रोजी दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतातल्या फेम्शो या गावी झाला. वडील थोर फ्रीस हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक. त्यांना वनस्पतींची आवड होती. आसपास खेळायला बरोबरीची मुले नसल्याने लहानग्या एलियासचा वेळ घराभोवतालच्या रानात जाई. वडील त्याच्याशी लॅटिनमध्ये बोलत. त्या काळी शास्त्राची भाषा लॅटिनच असल्यामुळे हा संस्कार पुढे आयुष्यभर उपयोगी पडला. फुलांची नावे त्याला वडिलांनी शिकवली, अळंबीची नावे शिकवणारे मात्र कोणी नव्हते.

१८०६ सालच्या उन्हाळ्यात आईबरोबर एका जळालेल्या रानात स्ट्रॉबेरी वेचायला गेला असता या मुलाला पोवळ्यासारखी फांद्याफांद्यांची, पांढरीशुभ्र, खाली दातेरी झुबके लोंबणारी एक भलीमोठी अळंबी दिसली. हिड्नम कोरॅलॉइडिस या नावाने तेव्हा ती ओळखली जाई. वय बाराच्या आतबाहेर. ही एक वस्तू पाहून आपण या विषयाकडे वळलो, असे फ्रीस यांनी उतारवयात स्वतःच्या अभ्यासाची हकीकत लिहिताना नमूद केले आहे. पुढची पाचेक वर्षे हातात योग्य ग्रंथ नसताना हा मुलगा रानोमाळ हिंडला. १८११ साली वेक्शो येथील शाळा सोडली तेव्हा त्याला तीनशे ते चारशे जातींच्या अळंब्या ओळखता येत होत्या आणि पुस्तकातली नावे ठाऊक नसल्याने त्याने त्यांना आपल्यापुरती नावे दिली होती. नाव ठेवायचे तर आधी एक वस्तू दुसरीहून वेगळी का, हे स्वतःशीच ठरवावे लागते. ग्रंथ आधी आणि रान मागाहून, असा आपल्याकडचा विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण क्रम. फ्रीस यांच्या बाबतीत तो उलटा झाला.

वेक्शोच्या याच गावात त्यांच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे आधी आणखी एक धर्मोपदेशकाचा मुलगा शिकला होता. तोही स्मोलांडचाच, तोही पुढे आधी लुंडला आणि मग उप्सालाला गेला. त्याचे नाव कार्ल लिनिअस. सजीवांना दुहेरी लॅटिन नावे देण्याची आजची पद्धत त्याने रूढ केली. तथापि कवकांच्या बाबतीत या थोर पुरुषाचा हात आखडता राहिला. १७५३ सालच्या स्पेसीज प्लांटॅरम या ग्रंथात त्याने कवकांना अगदी शेवटी जागा दिली आणि मोजक्याच प्रजातींत त्यांची वाटणी केली. खाली पडद्यांसारख्या पाती असतील तर अगॅरिकस, छिद्रे असतील तर बोलीटस, दाते असतील तर हिड्नम, असा काहीसा हिशेब. आपली टर्की टेल त्याने बोलीटस व्हर्सिकलर या नावाने नोंदवली. व्हर्सिकलर म्हणजे नानारंगी. अडचण अशी की, जमिनीवर उगवणारी मऊ, मांसल, खाण्याजोगी जाड देठाची अळंबीही बोलीटस आणि लाकडावरची चामड्यासारखी चिवट फळीही बोलीटस. एका गोणीत बटाटे आणि नारळ भरावेत, तसा हा प्रकार होता.

लुंड विद्यापीठात आल्यावर फ्रीस यांना प्रथमच खरी ग्रंथसंपदा हाती लागली. रेट्सियस आणि आगार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञांचा आधार मिळाला. त्यांनी ज्याचा ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवला त्या क्रिस्तियान हेंड्रिक पेरसूनची कथा वेगळ्या लेखाचा विषय व्हावी इतकी विलक्षण आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप ऑफ गुड होप येथे १७६१ साली जन्मलेला हा माणूस पुढे पॅरिसमध्ये हलाखीत राहिला. १८०१ साली त्याने कवकांचा पहिला खऱ्या अर्थाने पद्धतशीर ग्रंथ लिहिला आणि अखेर निवृत्तिवेतनाच्या बदल्यात आपला संग्रह डच सरकारच्या हवाली केला. विद्वत्तेची कदर ही अशी! फ्रीस यांचे नशीब त्या मानाने बरे. १८१४ साली पदवी मिळाली, त्याच विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळाली आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८२१ मध्ये, सिस्टेमा मायकॉलॉजिकम या ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला. त्याच वर्षी ते स्वीडनच्या राजविज्ञान अकादमीचे सदस्य झाले. तीन खंडांचे हे काम १८३२ साली पुरे झाले.

या ग्रंथात तत्कालीन जर्मन निसर्गतत्त्वज्ञानाची छाप स्पष्ट आहे. सृष्टीत सर्वत्र चाराचे गट असतात अशा कल्पनेने तरुण फ्रीस भारले होते आणि कवकांची मांडणीही त्यांनी चाराच्या साच्यात बसवली. तो साचा आज कोणाला आठवत नाही, आठवण्याचे कारणही नाही. टिकली ती त्यांची नजर. अळंबीचा जो भाग बीजाणू धारण करतो, त्याचा आकार कसा आहे, हे त्यांनी वर्गीकरणाचा कणा मानले. म्हणजेच अळंबीची पाठ न पाहता पोट पाहायचे. दुसरे म्हणजे बीजाणूंचा रंग. टोपी कागदावर पालथी ठेवली की काही तासांत बीजाणूंची पूड खाली साचते आणि ती पांढरी, गुलाबी, तपकिरी की काळी, हे नुसत्या डोळ्यांनी कळते. तिसरे म्हणजे वाढ. अळंबी कोवळी असताना कशी दिसते आणि जून झाल्यावर कशी, हे ताडून पाहिल्याशिवाय ती वेगळी जात म्हणायची नाही. आदल्या पिढीतल्या लेखकांनी एकाच अळंबीच्या बालपणाला एक आणि म्हातारपणाला दुसरे नाव दिल्याची उदाहरणे थोडीथोडकी नव्हती.

फळीवजा अळंब्यांच्या बाबतीत त्यांनी केलेली शस्त्रक्रिया महत्त्वाची. छिद्रांच्या नळ्यांचा थर टोपीच्या गरापासून सहज सुटा होत असेल तर ती बोलीटस, आणि तो गराशी एकजीव असेल तर ती पॉलिपोरस, अशी वाटणी १८२१ च्या खंडात आली. स्वयंपाकघरात सुरीने करून पाहता येईल अशी ही कसोटी आहे. मऊ अळंबी आणि लाकडी फळी यांची एका झटक्यात फारकत झाली. टर्की टेल आता पॉलिपोरस व्हर्सिकलर झाली. पुढे फ्रीस यांनीच पॉलिपोरसच्या या अवाढव्य कुटुंबातून ट्रॅमिटीज, लेंझाइट्स, फोमिस अशी घरे वेगळी काढली.

ओंडक्यासमोर उभे राहिल्यावर या पद्धतीचा उपयोग कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. टर्की टेलची टोपी पातळ असते, जाडी जेमतेम काही मिलीमीटर. ताजी असताना ती वाकते, पण मोडत नाही. पाठीवर मखमली आणि गुळगुळीत असे पट्टे आळीपाळीने येतात आणि बोट फिरवल्यास ते जाणवतात. आता तुकडा उलटा करावा. खालची बाजू पांढरी ते फिकट पिवळसर असून तीवर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असतात, एका मिलीमीटरच्या अंतरात साधारण ३ ते ५. डोळे चांगले असतील तर भिंगाशिवायही दिसतात, नसतील तर साधे भिंग पुरते. छिद्रे मुळीच नसतील आणि पोट सपाट, गुळगुळीत असेल, तर ती टर्की टेल नव्हे. वरून हुबेहूब तशीच दिसणारी ती स्टीरियम ऑस्ट्रिया ही तोतया. उलटल्यावर पाती दिसल्या तर ती बर्चवर येणारी लेंझाइट्स. पोट जांभळट असेल तर तो आणखी निराळा प्रकार. पाठीवर रंगांचे पट्टे नसून सर्वत्र करडी लव असेल, तर ती ट्रॅमिटीजचीच दुसरी बहीण. सारा निकाल एका मिनिटात लागतो आणि त्यातील मुख्य पायरी दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

निसर्ग मात्र कोणत्याही कसोटीला कोठे ना कोठे दगा देतोच. ओकच्या मेलेल्या खोडावर येणाऱ्या एका जाड फळीची छिद्रे इतकी लांबट आणि वेडीवाकडी असतात की, त्या पाती म्हणाव्या की छिद्रे, हा प्रश्न पडतो. लिनिअसने तिला पातीवाल्यांत, अगॅरिकसमध्ये बसवले होते. पेरसूनने तिच्यासाठी डीडेलिया हे घर काढले आणि ग्रीक पुराणातील चक्रव्यूह रचणाऱ्या डीडेलसचे नाव त्याला दिले. फ्रीस यांनी ते राखले.

फ्रीस यांच्या चरित्रातील खरा पेच सूक्ष्मदर्शकाचा आहे. उमेदीच्या काळात त्यांच्यापाशी चांगले यंत्र नव्हते, ही वस्तुस्थिती. परंतु १८३७ साली फ्रान्समध्ये लेव्हेये याने अळंबीच्या पोटावर बीजाणू नेमके कशावर धरतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, इंग्लंडमध्ये बर्कली यानेही तेच पाहिले, आणि त्यानंतर यंत्र नसणे ही सबब उरली नाही. तरीही फ्रीस आपल्या डोळ्यांवर आणि भिंगावर विसंबून राहिले. रानात जे दिसत नाही त्यावर जाती ओळखण्याची पद्धत उभी करू नये, अशी त्यांची धारणा होती. ती हट्ट म्हणावी की तत्त्व, यावर मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाला ती दोन्ही वाटते. बीजाणूंच्या बाबतीत त्यांना कुतूहल नव्हते असे नाही. एका कवकाच्या एकाच फळात एक कोटी बीजाणू असल्याचा हिशेब त्यांनी मांडला होता आणि धुरासारखे विरळ बीजाणू न पोहोचतील अशी जागाच पृथ्वीवर सापडणे कठीण, असा निष्कर्ष काढला होता. कवके कुजण्यातून आपोआप उपजतात या समजुतीला हे उत्तर होते. आणि तरीही पिकांवरील तांबेरा हा परका जीव नसून रोपाच्याच पेशींचा विकार आहे, असे त्यांनी सुरुवातीस मानले. सूक्ष्मदर्शकाने ही चूक टळली असती.

किंमत मोजावी लागलीच. पोटाच्या आकारावरून जी घरे त्यांनी बांधली, त्यांत शेजारी शेजारी राहणारे पुष्कळदा रक्ताचे नातलग नव्हतेच. छिद्रांची रचना निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे उद्भवली आहे, हे पुढे सिद्ध झाले. कार्स्टेन, केले, पातुइयार अशा संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिपोरसचे तुकडे केले. १९३२ साली सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या ई. जे. एच. कॉर्नर यांनी फळीवजा अळंबीचा कठीण गर उकलून दाखवला. तो एकाच प्रकारच्या तंतूंनी विणलेला असतो की दोन-तीन प्रकारच्या, यावर त्यांनी ओळख ठरवली. कॉर्नर यांनी त्यासाठी निवडलेली पिवळ्या देठाची, पेल्यासारखी उष्ण कटिबंधातील अळंबी पश्चिम घाटातही दिसते. तिचे झँथोपस, म्हणजे पिवळ्या पायाची, हे नाव मात्र फ्रीस यांनीच दिलेले. उष्ण कटिबंधात ते कधी गेले नाहीत, नमुनेच त्यांच्याकडे येत.

डीएनएच्या परीक्षेत तर मौज झाली. ज्या लेंझाइट्सला खाली पाती असल्यामुळे फ्रीस यांनी टर्की टेलपासून वेगळे काढले होते, ती वस्तुतः टर्की टेलचीच जवळची नातलग निघाली. अनेक अभ्यासक आज तिला ट्रॅमिटीजमध्येच धरतात. आणि जिचे रूप सर्वांत मिळतेजुळते ती स्टीरियम पार दुसऱ्या गणात. पोट पाहून जात अचूक ओळखता येते, नाते मात्र ओळखता येत नाही. फ्रीस यांना दोन्ही एकच वाटत होते.

१८३४ साली त्यांची उप्साला विद्यापीठात व्यावहारिक अर्थशास्त्राच्या, म्हणजे त्या काळच्या अर्थाने शेती व उपयुक्त विद्यांच्या, अध्यासनावर नेमणूक झाली. १८५१ मध्ये वनस्पतिशास्त्राचे अध्यासनही त्याला जोडले गेले. विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते संसदेत बसले, कुलगुरूपद सांभाळले. १८४७ साली त्यांची स्वीडिश अकादमीवर निवड झाली. साहित्याचे नोबेल पारितोषिक पुढे जिच्या हाती आले तीच ही संस्था. एका कवकशास्त्रज्ञाला भाषेच्या दरबारात आसन मिळावे, हे त्यांच्या स्वीडिश गद्याबद्दल बरेच सांगून जाते. दगडफुलांवर, फुलझाडांवर त्यांनी लिहिले. १८६० नंतर खाद्य व विषारी अळंब्यांची रंगीत चित्रे असलेला ग्रंथ सर्वसामान्यांसाठी सिद्ध केला. १८५९ साली निवृत्त झाल्यावरही लेखणी थांबली नाही. १८७४ साली, ऐंशीव्या वर्षी, युरोपातील अळंब्यांवरचा त्यांचा अखेरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. मुलगे आणि नातवंडे यांतूनही वनस्पतिशास्त्रज्ञ निपजले.

८ फेब्रुवारी १८७८ रोजी उप्साला येथे फ्रीस निवर्तले. त्याच वर्षी जर्मनीत रॉबर्ट हार्टिग यांचा लाकूड कुजण्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लाकूड कुजते म्हणून त्यावर अळंबी येते असे नसून, अळंबीचे तंतू आत शिरतात म्हणून लाकूड कुजते, हे त्यात भक्कमपणे मांडले होते. बाहेरची फळी हे केवळ फळ. खरा जीव ओंडक्याच्या आत महिनोन्महिने, वर्षानुवर्षे काम करीत असतो. टर्की टेल लाकडातील लिग्निन हा टणक घटकही पचवते आणि मागे पांढरट, तंतुमय भुसा ठेवते. फ्रीस यांनी आयुष्यभर ज्यांची फळे मोजली त्यांचा उद्योग नेमका काय, हा प्रश्न अशा रीतीने त्यांच्यानंतरच्या पिढीने सोडवला.

मृत्यूनंतर फ्रीस यांना एक असाधारण अधिकार प्राप्त झाला. १९१० साली ब्रसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने असे ठरवले की, बहुतेक कवकांच्या नावांचा इतिहास फ्रीस यांच्या १८२१ च्या ग्रंथापासून सुरू होतो असे मानावे. लिनिअसलाही मागे सारणारा हा निर्णय. १९८१ साली सिडनीत तो बदलला आणि आरंभबिंदू पुन्हा १७५३ वर नेण्यात आला. मात्र फ्रीस यांनी आपल्या ग्रंथात स्वीकारलेल्या नावांना संरक्षण देण्यात आले. एखाद्या जुन्या नावावर दुसऱ्याच कोणाचा आधीचा हक्क निघाला तरी फ्रीस यांची मोहोर असलेले नाव ढळत नाही. नावांच्या या दरबारात थट्टेलाही जागा आहे. टर्की टेलला ट्रॅमिटीजमध्ये आणून बसवले ते १९२० च्या सुमारास अमेरिकेतील सिनसिनाटीच्या लॉइड यांनी. अळंबीच्या नावापुढे नामकर्त्याचे नाव मिरवण्याच्या प्रथेची हे गृहस्थ जन्मभर टर उडवत आले. आज या सर्वांत परिचित अळंबीच्या नावापुढे त्यांचेच नाव लागते.

आपल्याकडे कोकणात फणसाच्या खोडावर येणारी कठीण, लाकडासारखी अळंबी फणसोंबा म्हणून ओळखली जाते आणि घरगुती औषधांत ती उगाळून वापरण्याची रीत आहे. अभ्यासक तिला फेलिनस या गटात घालतात. हा गटही मुळात फ्रीस यांच्या अवाढव्य पॉलिपोरसमधूनच वेगळा निघालेला. फणसोंबा म्हणून हाती येणारा प्रत्येक तुकडा एकाच जातीचा असतो असे नाही. झाडावरून उतरवून, वाळवून, तुकडे करून झाल्यावर ओळखीच्या खुणा किती शिल्लक राहतात हा प्रश्नच आहे, आणि औषधाच्या बाबतीत तो निव्वळ पुस्तकी नव्हे.

फ्रीस यांच्या कामातील एक उणीव आजही संशोधकांना पायपीट करायला लावते. त्यांनी वर्णने उदंड लिहिली, परंतु वाळवून जपलेले नमुने त्या मानाने फार थोडे ठेवले. मांसल अळंबी वाळली की तिचे रूप हरपते, म्हणून त्यांचा भर ताज्या अळंबीच्या वर्णनावर आणि चित्रांवर होता. त्यामुळे एखाद्या नावाखाली त्यांना नेमकी कोणती जात अभिप्रेत होती, असा वाद उभा राहिला की संग्रहालयात उत्तर मिळत नाही. मग फेम्शोच्या आसपासच्या त्याच रानात जावे लागते, त्यांच्या वर्णनाशी जुळणारी अळंबी शोधावी लागते आणि ताजा नमुना आणून त्या नावाला नव्याने बांधावा लागतो.